हेडबाईंच्या कार्डावर एकेचाळीस दंड

१

"चोरी झालीय," हेडबाई म्हणाल्या, आणि वाचनालयातल्या झाडून सगळ्या माना वर झाल्या.

हेडबाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शहरातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले आहेत. त्या आत आल्या की मोठमोठी माणसंसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसतात. त्यांनी बँकेचा एक लांबलचक कागद काउंटरवर ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं. हेडबाई हळू वागायला लागल्या की समजावं, कुणाची तरी शंभरी भरली.

"गेल्या महिन्याभरात या वाचनालयानं माझ्या कार्डावरून एकेचाळीस वेळा पैसे घेतलेत. एकेचाळीस वेळा उशिराचा दंड! मी जन्मात एकही पुस्तक उशिरा परत केलेलं नाही. आणि माझं कार्ड कपाटातून गायब आहे."

काउंटरवर माझी मावशी होती. सख्खी. आई परगावी नोकरी करते, मी लहानपणापासून मावशीकडेच राहते. बावीस वर्षं ती या काउंटरवर आहे, आणि तिच्या हातातला शिक्का तेव्हा हवेतच राहिला.

आतून ग्रंथपाल साहेब आले. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"कार्डाचं मशीन कोण चालवतं?"

"मी," मावशी म्हणाली.

"आणखी कोण?"

खरं तर ती म्हणू शकली असती, की मी जेवायला जाते, पाणी प्यायला जाते, कुणीही हात लावू शकतं. पण माझी मावशी म्हणजे! "आणखी कुणीच नाही, साहेब. रोज मी कुलपातून काढते, मीच कुलपात ठेवते."

झालं. आपल्याच पायावर धोंडा!

"मी येतानाच बँकेत जाऊन कार्ड बंद करून आलेय," हेडबाई म्हणाल्या. "आता पुढचं तुम्ही बघा."

साहेबांनी हात पुढे केला आणि मावशीनं कमरेची किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"काउंटरवर मी बसतो. शुक्रवारी चार वाजता माझ्या खोलीत या. तोवर उलगडा झाला नाही, तर मला तक्रार द्यावी लागेल. नोकरीचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्या दिवशी बुधवार होता.

२

वाचनालयाच्या पायरीवर मावशी शेजारी बसली, तशी मी वही उघडली.

"रडायचं नंतर. आधी मला सांग, मशीनवर नक्की काय काय करतेस?"

"पोलीस झालीस का गं?"

"झाले. सांग."

"दंड किती ते लिहायचं. हिरवं बटण दाबायचं. वाचक कार्ड टेकवतो. टिंग वाजतं, पावती येते. ज्याची रक्कम मोठी, म्हणजे वर्षाची वर्गणी वगैरे, तो कार्ड खालच्या खाचेत घालून आकडे दाबतो. एवढंच."

"आणि त्या एकेचाळीस दंडांचं काय?"

"सगळे खरे आहेत गं! नावानिशी नोंदलेत मी. माणसं आली, उशिराची पुस्तकं दिली, कार्ड काढलं, टिंग झालं." ती जरा थांबली. "फक्त एक. टिंग जरा लवकर होतं. कार्ड नीट टेकायच्या आधीच. मला वाटलं, नवीन यंत्र आहे, आपल्यापेक्षा हुशार असणार."

मी तिच्या नोंदवहीतून दंडांची यादी उतरवून घेतली आणि यादीत चार वेळा नाव असलेल्या माणसाला गाठलं. टॅक्सीवाले काका. प्रवाशांची वाट बघताना ते जाडजूड कादंबऱ्या वाचतात, आणि शेवट जवळ आला की मुद्दाम सावकाश वाचतात, म्हणून दंड.

"काका, दंड भरल्यावर बँकेचा मेसेज येतो ना? दाखवा."

त्यांनी फोनवर बोट फिरवलं. पेट्रोलचा मेसेज होता, किराणाचा होता, चपलांचाही होता. वाचनालयाचा एकही नव्हता.

"म्हणजे मला माफ केला म्हण की!"

"माफ नाही केला. हेडबाईंनी भरला."

काकांनी टॅक्सीच्या दाराचा आधारच घेतला. "माझा? अगं, खिडकीबाहेर बघतो म्हणून त्या बाईनं मला अख्खं वर्ष खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं!"

आणखी सहा जणांना विचारलं. सगळीकडे तेच!  मावशीनं खोटे दंड लावले नव्हते. एकेचाळीस वेळा माणसांनी आपापलं कार्ड पुढे केलं होतं, आणि दर वेळी भलत्याच कार्डानं ओ दिली होती. एक कार्ड, कुणाला न दिसणारं, त्या काउंटरवर दिवसभर उभं राहून अनोळखी लोकांचे दंड भरत होतं!

पण कुठून?

३

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी थेट वाचनालयात हेडबाईंसमोर जाऊन उभी राहिले.  

"बाई, तुमचं कार्ड शेवटचं कधी बघितलंत?"

"तू आरोपीची भाची ना?"

"हो. म्हणूनच विचारतेय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पूर्वी मी या नजरेनं विरघळले असते. पण सख्खी मावशी पणाला लागली की नजरबिजर काही जाणवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"बस," त्या म्हणाल्या. "कार्ड मी क्वचित वापरते. महिन्यापूर्वी औषधं घेतली, तेव्हा. त्यानंतर कपाटात ठेवलं."

"ठेवल्याचं आठवतं?"

"वस्तू जागच्या जागी ठेवायची मला साठ वर्षांची सवय आहे. आठवायची गरज नाही!"

असं म्हणत त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. मिटताना खुणेसाठी विजेचं बिल आत सरकवलं. टेबलावर त्यांची आणखी दोन पुस्तकं होती. एकातून पाकिटाचं टोक डोकावत होतं, दुसऱ्यातून चष्मा पुसायचं फडकं.

"पान दुमडत नाही ना तुम्ही?"

"पान दुमडणारा माणूस आणि पुस्तकाचा कान कापणारा माणूस यांत मी फरक करत नाही."

"आणि महिन्यापूर्वी तुम्ही कुठलं पुस्तक वाचत होतात?"

"पक्ष्यांचं. ते मोठं, चित्रांचं. त्याची पाठ निखळली होती, म्हणून परत करताना मीच बजावलं, कपाटात ठेवू नका, आधी बांधणीला द्या."

मी इतक्या जोरात उठले की खुर्ची पडली.

४

बांधणीची खोली तळघरात आहे. तिथे जिना उतरताना माझा आवाज आपोआप लहान होतो. तिन्ही भिंतींना आजारी पुस्तकं टेकलेली असतात. कुणाची पाठ मोडलेली, कुणाची पानं सुटलेली. चौथ्या भिंतीशी बरी झालेली. मध्ये बांधणीकाका. हे चाळीस वर्षं इथेच बसतात. वरच्या मजल्यावर असं एक कपाट दाखवा, ज्यातलं निदान अर्धं त्यांच्या मांडीवरून गेलेलं नाही!

"टकटकबाई आल्या वाटतं," मी दारात पोचायच्या आधीच ते म्हणाले. माझ्या बुटांवरून त्यांनी मला ठेवलेलं नाव.

त्यांच्या हातात सुई होती. दोरा त्यांनी जिभेवर फिरवला, बोटांच्या चिमटीत धरला आणि माझ्या बाजूला तोंड करून बोलता बोलताच ओवला. मी बघतच राहिले. माझा दोरा सातव्या वेळी जातो, तोही शिव्या घालून.

"काका, पक्ष्यांच्या पुस्तकातून एखादं बँकेचं कार्ड पडलं होतं का?"

"पुस्तकांतून काय पडत नाही ते विचार! पत्रं, तिकिटं, वाळलेली फुलं. एकदा तर कुणाचा तरी राजीनामा पडला होता. सगळं त्या डब्यात आहे. बघ."

डबा मी पालथा घातला. राजीनामा खरंच होता. कार्ड मात्र नव्हतं. शेजारी लाल-हिरव्या रेक्झिनचे उरलेले तुकडे पडले होते.

"वरच्या कार्डाच्या मशीनचं कव्हर तुम्हीच शिवलंत ना?"

"मग! पक्ष्यांचं पुस्तक आलं त्याच दिवशी. तुझी मावशी म्हणाली, खिडकीचं ऊन पडतं, पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून वर छज्जा काढला. रेक्झिनच्या दोन थरांत कडक तुकडा घालून."

ते कव्हर वाचनालयात प्रसिद्ध होतं, कारण ते एका बाजूनं लाल आणि एका बाजूनं हिरवं होतं. काकांची फॅशन, असं सगळे म्हणायचे.

बोलता बोलता ते पुठ्ठ्यावर खळ पसरत होते. एका पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यानं. चौकोनी, कोपरे गोल केलेले, तळहाताएवढा.

"हा कसला तुकडा?"

"हा? जुन्या फायलीतून कापलेला. छज्ज्यासाठी कापला होता, पण शिवून झाल्यावर बघतो तर एक टेबलावर उरलेलाच! वाटलं, मीच चुकून दोन कापले."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. पण तेवढ्यात वरून साहेबांचा आवाज आला. आणि साहेबांचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकलेला नव्हता.

५

"नामंजूर! पुन्हा नामंजूर! हे मशीन आहे का माझी परीक्षा?"

काउंटरवर रांग लागली होती. साहेब घामाघूम झाले होते. रांगेच्या तोंडाशी टॅक्सीवाले काका हातात कार्ड घेऊन उभे.

"साहेब, माझ्या कार्डात पैसे आहेत हो. नसते तरी हेडबाई आहेतच."

"चेष्टा नको!" साहेब माझ्याकडे वळले. "तुझ्या मावशीनं जाता जाता यात काही करून ठेवलंय का? कार्ड टेकवलं की नामंजूर. खाचेत घातलं की चालतं."

"केव्हापासून?"

"मी बसलो तेव्हापासून! कालपासून!"

म्हणजे बुधवारपासून. हेडबाईंनी कार्ड बंद केल्यापासून.

मला सगळं दिसलं. म्हणजे अक्षरशः दिसलं, जसा फोटो धुताना पाण्यातून वर येतो तसं! मशीनला कार्ड वाचायचं असतं ते पडद्याच्या वरच्या बाजूला, अगदी जवळून. तिथेच तो छज्जा होता. मावशी बटण दाबायची, आणि वाचकाचं कार्ड पोचण्याआधीच छज्ज्यातलं कार्ड उत्तर द्यायचं. टिंग. मोठ्या रकमेला कार्ड खाचेत जायचं, म्हणून वर्गण्या बरोबर जमा झाल्या. आणि आता छज्ज्यातलं कार्ड बंद पडलं होतं, तरी पहिला नंबर त्याचाच होता. म्हणून सगळ्यांना नामंजूर!

"साहेब, ते कव्हर काढून बघा ना. गरम होत असेल."

त्यांनी कव्हर काढून माझ्या हातात कोंबलं. टॅक्सीवाल्या काकांनी कार्ड टेकवलं.

टिंग!

"बघा! तापलं होतं," साहेब म्हणाले, आणि रांग पुढे सरकली.

मी कव्हर छातीशी धरून उभी राहिले. छज्जा बोटांनी दाबला. आत कडक, चौकोनी, गोल कोपऱ्यांचं काहीतरी. मावशी सुटली होती! मला नाचावंसं वाटत होतं. पायही उचलला.

आणि तसाच खाली ठेवला. कारण पुढचा प्रश्न समोर आला होता. बँकेचं कार्ड रंगीत असतं, चकचकीत असतं, त्यावर नाव असतं. फाइलचा तुकडा पांढराफेक. या दोन्हींत गल्लत कोण करेल?

मी जिना उतरले, या वेळी बूट हातात घेऊन. दारात उभी राहिले. बांधणीकाका समोरच बसले होते, तोंड माझ्याकडे. मी हात हलवला. दोन्ही हात हलवले.

त्यांनी शांतपणे दोऱ्याला गाठ मारली.

६

"काका," मी म्हटलं.

ते दचकले. त्यांना दचकताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

मी कव्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांची बोटं छज्ज्यावरून एकदाच फिरली आणि थांबली. मी काही सांगायच्या आत त्यांना सगळं कळलेलं होतं.

"पुस्तक झटकलं तेव्हा टेबलावर काहीतरी पडल्यासारखं वाटलं होतं," ते म्हणाले. "पूर्वी कार्डांवरचे आकडे उठावाचे असायचे. तसं असतं तर बोटांनी सांगितलं असतं. आता सगळं सपाट."

"किती दिवस झाले?"

"दिसायचं कमी होऊन पाच वर्षं. रंग जाऊन तीन."

तीन वर्षं! मी त्या भिंतीकडे पाहिलं, बऱ्या झालेल्या पुस्तकांच्या. सरळ पाठी, सरळ कडा, एकही टाका वाकडा नाही.  मला रडू आलं नाही. उंच डोंगराखाली उभं राहून वर बघताना होतं ना, तसं काहीतरी झालं.

"साहेबांना कळलं तर काढतील मला," ते म्हणाले. "या खोलीबाहेर मी नुसता म्हातारा आहे गं."

"आणि नाही कळलं, तर मावशीला काढतील."

"हो."

 मग त्यांनी कव्हर माझ्याकडे सरकवलं.

"घेऊन जा. मावशीला सोडव. तुला सांगायचं ते सांग."

शुक्रवारी चार वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब टेबलामागे, हेडबाई ताठ, मावशी हातात रुमाल घट्ट धरून, आणि मी. मी सगळं सांगितलं. न आलेले मेसेज, लवकर होणारं टिंग, बुधवारपासूनचं नामंजूर. विजेच्या बिलाबद्दलही सांगितलं, तेव्हा हेडबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी कात्रीनं छज्ज्याची कड उसवली आणि निळं कार्ड टेबलावर सरकलं.

 साहेबांनी ते कोपऱ्याला धरून उचललं, जणू ते जिवंत होतं.

"पण हे आत शिवलं कुणी?" हेडबाई म्हणाल्या. "नाव छापलंय की माझं! डोळे असलेल्या माणसाकडून ही चूक होणार नाही. म्हणजे हे मुद्दाम केलंय."

साहेब मावशीकडे वळले. "कव्हर तुम्हीच सांगून करून घेतलंत ना?"

मावशीनं होकारार्थी मान हलवली. पुन्हा खरंच बोलली! सगळं फिरून तिच्याच गळ्यात. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते तोंडातून निघेना. मावशी माझ्याकडे बघत होती. ती खुणेनं काहीच मागत नव्हती, म्हणूनच ते बघणं सहन होत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"डोळे असलेल्या माणसानं शिवलेलंच नाही ते," दारातून आवाज आला.

बांधणीकाका चौकटीला हात लावून उभे होते. चाळीस वर्षांत ते साहेबांच्या खोलीत कधी आले नसावेत, कारण खुर्ची कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मावशी उठली, त्यांना हाताला धरून बसवलं, आणि बसवतानाच तिला समजलं. तिचा हात त्यांच्या हातावर तसाच राहिला.

त्यांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मग म्हणाले, "हिचा काही संबंध नाही. हिला तिची किल्ली द्या."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. हेडबाई उठल्या, ताडताड बाहेर गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पक्ष्यांचं पुस्तक होतं. त्यांनी ते मधोमध उघडलं. दोन पानांवर मिळून एक मोठा करकोचा पंख पसरून उभा होता. चित्राचे दोन अर्धे मध्ये इतके तंतोतंत जुळले होते, की शिवण कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

"हे तुम्ही न बघता शिवलंत?"

"बघत शिवायचो तेव्हा एवढं जुळायचं नाही, बाई. डोळे घाई करतात."

हेडबाईंनी पंखावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग साहेबांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. वर्गात चाळीस वर्षं सांगत आले, पुस्तकात वस्तू ठेवू नका. माझी तक्रार नाही. आणि या माणसाला काढलंत, तर मात्र तक्रार आहे."

साहेब खिडकीपासून वळले. "कापायचं यंत्र उद्यापासून तुम्ही चालवायचं नाही, काका. बोटं जातील. डोळे दाखवायला सोमवारी माझ्याबरोबर यायचं." त्यांनी खाकरून घेतलं. "शिलाई तुमचीच." मग किल्ली मावशीसमोर ठेवली. "खुर्ची जरा वर केलीय मी. तुमच्या मापाची करून घ्या. आणि... चुकलं माझं."

"त्या सगळ्यांना मीच फोन करते," मावशी म्हणाली. "पैसे बाईंना परत जायला हवेत."

"टॅक्सीवाल्याला करू नका," हेडबाई म्हणाल्या. "त्याचा मी भरला म्हणा. खिडकीचा हिशेब राहिला होता."

७

मावशी काउंटरवर गेली आणि मी तळघरात.

"मला शिकवा," मी म्हटलं.

"मीट डोळे."

मी मिटले. त्यांनी माझ्या हातात सुई दिली, दुसऱ्या हातात दोरा. पाच वेळा चुकलं. सहाव्यांदा बोटाला टोचलं.

"सुई शोधू नकोस," ते म्हणाले. "हात ठेव आणि ऐक."

"सुई काय ऐकायची, काका?"

"सगळंच ऐक. सुई त्यात येईल."

मी ऐकलं. आधी माझंच धडधडणारं हृदय. मग कागदावरून सरकणारा त्यांचा तळवा. मग छतावरून चालणारी पावलं, कुणाची घाईची, कुणाची रेंगाळणारी, कपाट उघडल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला. एवढं मोठं वाचनालय माझ्या डोक्यावर चालत होतं आणि मी ते आजवर नुसतं बघितलं होतं! आणि त्या सगळ्यातून, अगदी स्पष्ट, दोन दिवस बंद असलेला माझ्या मावशीचा आवाज आला.

"पुढे या. कार्ड की सुटे?"

दोरा गेला.